आरोग्य कार्यकर्तीचे काम मोजावे कसे? वऱ्हाडातील अनुभवांच्या आधारे एक अभ्यास

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आकड्यांना तोटा नसतो. बाह्यरुग्ण किती तपासले, आंतररुग्ण किती दाखल झाले, प्रसूती किती, शस्त्रक्रिया किती, मोतीबिंदू किती काढले, हे सारे तक्त्यात बसते आणि विश्वस्तांना व दात्यांना पडताळताही येते. परंतु गावात राहून, घरोघर फिरून आरोग्याचे काम करणाऱ्या कार्यकर्तीचा रकाना आला, की अहवाल लिहिणाऱ्याचा हात थबकतो. तिने किती घरांना भेटी दिल्या हे लिहिता येते. त्या भेटींनी काय साधले हे लिहिता येत नाही. आमच्या हितचिंतकांकडून येणारा प्रश्नही नेमका हाच असतो. देणगीतून एका गावात एक कार्यकर्ती नेमली, तर ती काम करते की नाही, आणि चांगले करते की नाही, हे कशावरून ठरवायचे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका रकान्यात मावणारे नाही, म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा करणे इष्ट ठरेल. शासकीय परिभाषेत ‘आरोग्यसेविका’ म्हणजे उपकेंद्रातील प्रशिक्षित परिचारिका. येथे अभिप्रेत असलेली स्त्री ती नव्हे. गावातच राहणारी, बहुधा विवाहित, थोडेफार शिकलेली, मोजक्या दिवसांचे प्रशिक्षण घेतलेली आणि नियमित वेतनश्रेणी नसलेली अशी ही स्त्री. शासनाच्या योजनेत तिला ‘आशा’ म्हणतात, गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत ‘आरोग्यदूत’. आपण तिला केवळ ‘कार्यकर्ती’ म्हणू. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा निरक्षर स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविण्याचे धाडस त्यांनी दाखविले. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशव्यापी ग्रामीण आरोग्य कार्यकर्ता योजना आणली, १९७८ मध्ये अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, आणि २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली. म्हणजे कार्यकर्ती असावी की नसावी हा वाद मागे पडला आहे. तिचे काम मोजावे कसे, हा वाद अजून मिटलेला नाही.

मृत्यूचा आकडा आणि एक गाव

बालमृत्यू कमी व्हावेत म्हणून कार्यकर्ती नेमली, तेव्हा गावातील बालमृत्यू कमी झाले की नाही ते पाहावे, असे कोणालाही प्रथम वाटते. हा विचार सरळ दिसतो, पण तो एका गावाला लागू पडत नाही. थोडे गणित करून पाहू. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर दर हजारी १५ आणि अर्भक मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता. आशेकडे साधारणतः एक हजार लोकवस्ती असते. म्हणजे तिच्या गावात वर्षाला १५ मुले जन्मणार आणि या दराने पहिल्या वर्षात दगावणाऱ्या अर्भकांची सरासरी चार वर्षांत एक, अशी पडणार. आता ज्या गावात परिस्थिती तिप्पट वाईट आहे असे गाव घ्या. तेथेही दर दोन वर्षांपैकी जवळपास एक वर्ष असे जाईल, की त्या वर्षात एकही अर्भक मृत्यू होणार नाही. तेव्हा ‘या वर्षी आमच्या गावात बालमृत्यू शून्य’ या वाक्यावरून कार्यकर्तीला हारही घालता येत नाही, आणि एक मूल दगावले म्हणून तिला कारणे दाखवा नोटीसही देता येत नाही. शंभर गावांचा, तीन-चार वर्षांचा आकडा बोलतो. एका गावाचा एका वर्षाचा आकडा बहुतांशी नशिबाचा असतो.

याहून गंभीर अडचण पुढे आहे. मृत्यूवरून माणसाला जबाबदार धरले, की मृत्यू नोंदवहीतून नाहीसे होऊ लागतात. मुले वाचत नाहीत, नोंद तेवढी वाचते.

हे आपल्या भागाने जवळून पाहिले आहे. १९९३ मध्ये मेळघाटातील कुपोषणाच्या व बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांची नावे मुंबई-पुण्याच्या वाचकांना त्याच वर्षी पाठ झाली. पुढे उच्च न्यायालयात याचिका झाल्या आणि १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आली. या सर्वांतून चांगले पुष्कळ घडले. परंतु प्रत्येक बालमृत्यू ही बातमी व चौकशी होऊ लागली, की खालपासून वरपर्यंत प्रत्येकाला लहान आकडा सोयीचा होतो. यात कोणी खलपुरुष असावा लागत नाही. जन्मून तासाभरात गेलेले मूल ‘मृत जन्म’ म्हणून लिहिले जाते. घरी जन्मून घरीच गेलेल्या मुलाचा जन्मही नोंदला जात नाही आणि मृत्यूही नाही. हंगामासाठी कुटुंब मैदानी भागात मजुरीला गेले असता वाटेत किंवा शेतावर मूल गेले, तर ते कोणत्याच गावाचे राहत नाही.

महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांच्या एका गटाने डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने गावोगाव प्रत्यक्ष नोंदी करून २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. राज्यात होणाऱ्या बालमृत्यूंपैकी मोठा भाग शासकीय नोंदींत उतरतच नाही, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. राज्य शासनाने त्यानंतर डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, ही गोष्ट शासनाच्या बाजूने नमूद केली पाहिजे.

यातून कामाच्या मोजमापाचा एक उलटा वाटणारा नियम निघतो आणि दात्यांनी तो ध्यानात ठेवावा अशी आमची विनंती आहे. जेथे प्रामाणिक व चांगली कार्यकर्ती नव्याने कामाला लागते, तेथे पहिल्या एक-दोन वर्षांत मृत्यू वाढलेले दिसतात, आजारी मुले वाढलेली दिसतात, कमी वजनाची बालके वाढलेली दिसतात. ती पूर्वीही होतीच. आता कोणीतरी ती पाहू लागले आहे. अहवालात असा वाढता आकडा दिसला, की ‘एवढे पैसे देऊनही परिस्थिती बिघडली’ असा अर्थ घेतला जातो. वस्तुतः त्या दोन वर्षांतले ते तिचे सर्वांत मोठे काम असते.

गडचिरोलीने काय मोजले

मृत्यूचा आकडा एका कार्यकर्तीसाठी निरुपयोगी असला, तरी संपूर्ण योजनेसाठी तो अत्यावश्यक आहे, आणि तो प्रामाणिकपणे कसा मोजावा याचे उत्तम उदाहरण विदर्भातच आहे. सर्च संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांमध्ये घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. पाच-दहा इयत्ता शिकलेल्या गावातील स्त्रिया बाळंतपणाच्या वेळी हजर राहत, बाळाचे वजन करीत, त्याला ऊब देत, जंतुदोषाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत. उपचार झालेल्यांत हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले.

या प्रयोगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हांला त्यातील एक कमी बोलली गेलेली बाजू येथे मांडावयाची आहे. जन्ममृत्यूंची नोंद सेवा देणाऱ्या कार्यकर्तीच्याच वहीवर सोडलेली नव्हती. तिच्यासाठी वेगळा माणूस व घरोघरची वेगळी पाहणी होती. ज्याने काम केले त्यानेच आपल्या कामाचे गुण द्यावेत, हे शाळेतही चालत नाही. दुसरे असे, की कार्यकर्तीला तिच्या मृत्यूंच्या आकड्यावरून जोखले जात नव्हते. ठरावीक दिवसांनी पर्यवेक्षक येऊन ती नेमके काय करते ते पाही, तिच्या नोंदी तपासे, बाळाला पुन्हा बघे आणि जेथे चुकले तेथे शिकवी. योजनेचे यश मृत्युदरावरून मोजले जाई, व्यक्तीचे काम तिच्या हातात असलेल्या कृतींवरून. हे दोन हिशेब वेगळे ठेवणे, हाच आमच्या मते या विषयाचा गाभा आहे.

देशाने हा मार्ग २०११ पासून आशांसाठी स्वीकारला. रुग्णालयात प्रसूती झाली असेल, तर आशेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जावयाचे. प्रसूती घरी झाली असेल, तर पहिल्या दिवसाची भेट त्यात वाढते. आशेच्या कामाच्या मूल्यमापनासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दहा कामांची यादी केलेली आहे. त्यात या गृहभेटी, लसीकरण, संस्थात्मक प्रसूती, बालकांचे जुलाब व न्यूमोनिया, तापाचे रुग्ण, क्षयरोगाची औषधे, गावसभा आदींचा समावेश होतो. यादी चांगली आहे. अडचण यादीत नाही. ‘केले’ या शब्दात आहे.

कोणाला सोडून मोजले?

समजा, एका आशेने वर्षभरात बारा नवजात बालकांच्या सर्व भेटी पूर्ण केल्या. बाराच्या बारा. वहीत शंभर टक्के. परंतु गावात त्या वर्षी मुले सतरा जन्मली असतील, तर? उरलेली पाच कोठे आहेत?

वऱ्हाडात या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘माहेरी’ असे असते. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात सून माहेरी जाते. सासरच्या गावची आशा तिचे नाव ‘स्थलांतरित’ म्हणून लिहिते आणि माहेरच्या गावची आशा तिला ‘पाहुणी’ समजते. दर्यापूरच्या सुनेचे बाळंतपण मूर्तिजापूरला झाले, तर जिल्हाही बदलतो. बाळाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा पहिला महिना दोन नोंदवह्यांच्या मधल्या फटीत निघून जातो. दोन्ही वह्यांत मात्र काम पूर्ण दिसते. मेळघाटातील कोरकू कुटुंबांचे प्रश्न याहून कठीण, कारण तेथे संपूर्ण घरच सोयाबीनच्या, कपाशीच्या किंवा वीटभट्टीच्या कामाला खाली उतरते. आणि गावाच्या कडेचा पारधी बेडा, धरणग्रस्तांची नवी वस्ती, शेतावर राहणारा सालदार, ही घरे अनेकदा कोणाच्याच यादीत नसतात. ज्यांना सर्वाधिक गरज, तीच मोजणीबाहेर.

म्हणून कार्यकर्तीने किती जणांना सेवा दिली हे विचारू नये. गरज असलेल्यांपैकी किती जणांपर्यंत ती पोहोचली, हे विचारावे. भागाकारात खालचा आकडा कोणता धरला, यावर सारे अवलंबून असते, आणि तो खालचा आकडा कार्यकर्तीच्या वहीतून घेता येत नाही. तो घरोघर जाऊनच मिळवावा लागतो.

याचे एक बोलके उदाहरण अमरावती जिल्ह्यातील आहे. शेतकरी आत्महत्यांनी आपला भाग देशभर ओळखला जाऊ लागल्यानंतर जिल्ह्यातील ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्य प्रकल्प राबविण्यात आला. गावातील कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी बोलावे, खचलेल्या माणसाला प्रथम आधार द्यावा, पुढे समुपदेशकाकडे व गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, अशी त्याची रचना होती. आता अशा कामाचे माप काय? किती सभा घेतल्या, किती लोकांशी बोलले, हे आकडे सहज मिळाले असते आणि ते भव्यही दिसले असते. अभ्यासकांनी ते पुरेसे मानले नाही. त्यांनी प्रकल्पाच्या आरंभी, २०१३-१४ मध्ये, गावांतील प्रौढांची घरोघर पाहणी केली आणि अठरा महिन्यांनंतर ती पुन्हा केली. दोन्ही वेळा विचारले ते असे, की ज्यांना आज नैराश्य आहे, त्यांच्यापैकी किती जणांनी त्यासाठी कोणाकडे तरी मदत मागितली? डॉ. राहुल शिधये व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त दिलेल्या माहितीनुसार हे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

या दोन आकड्यांत प्रामाणिकपणा किती आहे, हे पाहण्यासारखे आहे. वाढ सहापट, हे खरे. पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा, की प्रकल्पानंतरही दर चार खचलेल्या माणसांपैकी जवळजवळ तिघांपर्यंत कोणी पोहोचले नव्हते. केवळ सभांची संख्या छापली असती, तर हे तीन जण कायमचे अदृश्य राहिले असते. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावे या अभ्यासात नव्हती, तेव्हा सगळे श्रेय प्रकल्पाचेच असे ठामपणे म्हणता येत नाही, हेही वाचकाने लक्षात घ्यावे.

अडीच किलोचे बाळ

भेट झाली, बाळ यादीतही होते. भेटीत काय घडले? येथे गुणवत्तेचा प्रश्न येतो आणि तो दिसतो तितका अमोजणीय नाही. एखाद्या वहीत नवजात बालकांची वजने पाहावीत. २ किलो ४५०, २ किलो ८००, १ किलो ९००, ३ किलो ५० अशी ती विखुरलेली असली, तर कार्यकर्तीने काटा वापरला असे समजावे. परंतु पान भरून अडीच किलो, अडीच किलो, पुन्हा अडीच किलो असे दिसले, तर वजन डोळ्यांनी झाले आहे. अडीच किलोखालचे बाळ कमी वजनाचे समजतात, त्याच्या भेटी वाढवाव्या लागतात. म्हणून बाळे बरोबर सीमारेषेवर येऊन थांबतात. एवढी आज्ञाधारक बाळे निसर्गात जन्मत नाहीत. ही तपासणी करण्यास एक पैसाही लागत नाही, लागते ती केवळ वही उघडून पाहण्याची सवय.

न्यूमोनियाचे उदाहरण याहून चांगले. मुलाला खोकला आहे. हा साधा खोकला की न्यूमोनिया, हे ठरविण्यासाठी श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे चिन्ह. ज्यांना मोजता येत नाही अशा दायांसाठी बंग दाम्पत्याने मण्यांची एक साधी चौकट तयार केली होती, हे अनेकांना ठाऊक असेल. कार्यकर्तीला वर्गात विचारले, तर हे तिन्ही आकडे ती घडाघडा सांगते. प्रत्यक्ष घरात मूल रडत असते, सासू बोलत असते, दाराशी शेळी असते, आणि पूर्ण एक मिनिट मुलाच्या छातीकडे पाहत राहणे अवघड जाते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह होतो. म्हणून ज्ञानाची परीक्षा ही कामाची परीक्षा नव्हे. पर्यवेक्षिकेने त्याच वेळी, त्याच मुलाचे श्वास स्वतः मोजावेत आणि दोघींचे आकडे शेजारी लिहावेत. पाच मुलांमागे तफावत कळते. अर्थात, पर्यवेक्षिका शेजारी बसली असता प्रत्येक जण नेहमीपेक्षा नीट काम करतो. ती नसताना काय होते, ते मात्र दुसऱ्या दिवशी आईला विचारूनच समजते. ‘ताईने बाळाचे कपडे वर करून पाहिले होते का? किती वेळ?’ आई हे विसरत नाही.

मूठभर कापूस

प्रत्येक घरी जाऊन पडताळणी करावयाची म्हटली, तर पडताळणीसाठी दुसरी तेवढीच फौज लागेल. येथे अकोल्याच्या बाजारात वाढलेल्या वाचकास एक गोष्ट आपोआप आठवेल. कापसाची गाडी आली, की ग्रेडर संपूर्ण गाडी उपसत नाही. वरून, मधून, कडेने मूठ-मूठ कापूस काढतो, धागा ओढतो, ओलावा व कवडी पाहतो, आणि लॉट कोणत्या प्रतीचा ते सांगतो. वरचा पांढराशुभ्र थर तेवढा पाहणारा ग्रेडर फसतो, हेही सर्वांना माहीत आहे.

अमेरिकेत टेलिफोन उद्योगातील मालाच्या तपासणीसाठी १९२० च्या दशकात हीच युक्ती गणिताने पक्की करण्यात आली. तिचे नावही ‘लॉट’वरूनच आहे. १९८० च्या दशकापासून ती आरोग्यसेवेत आली. पद्धत अशी : एका पर्यवेक्षिकेच्या क्षेत्रातून चिठ्ठ्या टाकून १९ घरे निवडावयाची, म्हणजे १९ नवजात बालके किंवा १९ गरोदर माता. अपेक्षा अशी, की ८० टक्के घरांत सेवा नीट पोहोचलेली असावी. १९ पैकी १३ किंवा अधिक घरांत ती आढळली, तर क्षेत्र समाधानकारक; १२ किंवा कमी आढळली, तर तेथे जाऊन बसण्याची गरज आहे. ज्या क्षेत्रात खरोखर ८० टक्के काम झाले आहे, ते चुकून नापास होण्याची शक्यता दहात एकाहून कमी. ज्या क्षेत्रात जेमतेम निम्मे काम आहे, ते चुकून उत्तीर्ण होण्याची शक्यताही दहात एकाहून कमी. एवढ्या अल्प श्रमात एवढी खात्री देणारे दुसरे साधन आमच्या पाहण्यात नाही.

तरी दोन बंधने सांगितलीच पाहिजेत. पहिले, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. रस्त्याकडेची, ओळखीची, चहा देणारी घरे निवडली, की पद्धत मोडली. नाल्यापलीकडच्या घराची चिठ्ठी निघाली, तर नाला ओलांडावा लागतो. दुसरे, हे माप क्षेत्राचे आहे, एका आशेचे नव्हे. तिच्या गावात वर्षाला मुळी पंधराच जन्म होतात, तेथे १९ कोठून आणणार? एका गावापुरते पाहावयाचे असेल, तर नमुना न घेता त्या वर्षीच्या सर्व बाळंतिणींना भेटावे. आणि दहात एक चूक ज्या चाचणीत संभवते, तिच्या एका निकालावर कोणाचे मानधन कापणे हा अन्याय आहे. तिचा उपयोग मदत कोठे पाठवावी हे ठरविण्यापुरता.

मानधन आणि माप

आशेला शासनाकडून मिळणारा मोबदला बराचसा कामागणिक आहे : प्रसूतीसाठी नेले, त्याचे इतके, नवजात बालकाच्या भेटी पूर्ण केल्या, त्याचे इतके. ही रचना वाईट हेतूने केलेली नाही; गडचिरोलीतही मोबदला कामाशी जोडलेला होता. परंतु ज्या कामाला दर आहे ते माप होते, आणि ज्याला दर नाही ते हळूहळू काम म्हणून उरत नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाविषयी लिहिताना हा धोका दाखविला होता. माप नियंत्रणासाठी वापरू लागले, की ते विश्वासार्ह राहत नाही. आपल्या देशाला तो शिकण्यासाठी इंग्लंडपर्यंत जावे लागले नसते. १९७६-७७ या एका वर्षात नसबंदीची उद्दिष्टे नेमून देऊन ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया करण्यात आल्या, आणि त्या आकड्यामागे काय घडले ते सर्वश्रुत आहे. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९९६ मध्ये, कुटुंबनियोजनातील पद्धतवार उद्दिष्टे देशभर रद्द झाली.

खारपाणपट्ट्यातील एखादी कार्यकर्ती म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब वाढलेला पाहून त्याच्या घरी चार खेपा घालते, त्याला तालुक्याला जाण्यास राजी करते. एखादी रात्री कर्जबाजारी शेतकऱ्याच्या बायकोजवळ बसते. यातले फार थोडे दरपत्रकात बसते. मेळघाटात बाळाच्या पोटावर चटके देण्याच्या प्रथेविषयी भुमकाशी न भांडता बोलणे, त्यालाच दवाखान्याच्या बाजूने वळविणे, याला तर रकानाच नाही. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष व डॉ. कविता सातव यांच्या महान ट्रस्टने गावातील स्त्रियांनाच शिकवून जे काम उभे केले, त्याची ताकद अशा न मोजलेल्या संबंधांत आहे, असे आम्हांला वाटते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला, तोही कोरोनाच्या काळातील कामासह त्यांच्या या घरोघरच्या नात्याचाच होता. तो सन्मान त्यांना मिळाला, आणि त्याच्या मागेपुढे महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संप करावे लागले, या दोन्ही गोष्टी एकाच अहवालात लिहिल्या गेल्या पाहिजेत.

तेव्हा न मोजता येणारे सोडून द्यावे काय? नाही. ते निदान विचारता येते. बाळंतिणीला, वृद्धाला, क्षयरोग्याला एक साधा प्रश्न विचारावा : मागच्या वेळी घरात आजारपण आले, तेव्हा तुम्ही प्रथम कोणाला सांगितले? उत्तरात कार्यकर्तीचे नाव किती वेळा येते, हे मोजावे. वहीत खोटे लिहिता येते. हे उत्तर तिला स्वतःला लिहिता येत नाही.

दात्यांकडे एक मागणे

या सर्व पडताळणीला माणसे लागतात. दोन पर्यवेक्षिका, त्यांचा प्रवास, पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटात अडकलेले दिवस, कार्यकर्त्यांच्या मासिक बैठकीचे भाडे व जेवण, वजनकाटे दर सहा महिन्यांनी तपासून घेण्याचा खर्च. या कशावरही देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. सोनोग्राफीच्या यंत्रावर लावता येते, वॉर्डावर लावता येते. त्यामुळे अहवालात यंत्रे वाढत जातात आणि यंत्रापर्यंत पोहोचू न शकलेल्यांची मोजणी करणारे कोणी उरत नाही.

म्हणून आमची विश्वस्त मंडळास व दात्यांस विनंती आहे, की गाव-आरोग्याच्या कामासाठी येणाऱ्या देणगीतील ठरावीक हिस्सा पर्यवेक्षण व पडताळणीसाठी राखून ठेवण्यास त्यांनी अनुमती द्यावी. तसेच पुढील अहवालात आमच्या तक्त्यात दोन रकाने एकमेकांशेजारी छापले जावेत : कार्यकर्तीच्या नोंदीनुसार पूर्ण झालेल्या भेटी, आणि त्याच क्षेत्रातील चिठ्ठीने निवडलेल्या १९ घरांत आढळलेल्या भेटी. दोन्ही आकडे सारखे नसतील. पहिल्या वर्षी दुसरा आकडा पुष्कळ लहान असण्याचीच शक्यता अधिक; तो तसाच छापण्यास मंडळाची पूर्वसंमती असावी.